तेंदूच्या जाहिरातीतला आकडा एक ओळ वर सरकला तो दिवस

मी गडचिरोली जिल्ह्यात, कोरचीकडच्या काही ग्रामसभांचं कॉम्प्युटरचं काम बघतो. ठराव टाइप करणे, मजुरीच्या शीट, आणि उन्हाळा लागला का तेंदूच्या, म्हणजे बिडीच्या पानाच्या, लिलावाची जाहिरात. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आणि वनहक्क कायदा २००६ चा, या दोघांच्या जोरावर इकडच्या बऱ्याच ग्रामसभा आपला तेंदू स्वतःच विकतात, मग ठेकेदार यावे म्हणून पेपरात जाहिरात द्यावी लागते, आणि त्या जाहिरातीचा जीव म्हणजे गावनिहाय प्रमाण गोण्यांचा तक्ता. ७० पानांचा एक पुडा, असे १००० पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. ठेकेदार बोली त्या आकड्यावरून लावते, अनामत त्यावरून निघते, ट्रक-मजूर सगळं त्यावरूनच. चुकला का शुद्धिपत्रक छापा, पुन्हा पैसे भरा, पुन्हा तारीख द्या. आणि पान काही तारखेसाठी थांबत नाही, मे महिन्यात तोडलं नाही तर गेलं.

तर आमचा लॅपटॉप जुना, त्यात लिनक्स आणि लिब्रेऑफिस. मले तेच बरं वाटते, उगाच कटकट नाही. मी युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या मशीनवर चालणाऱ्या मराठी अक्षरांत, मजकूर टाइप केला, लिब्रेऑफिसची ओडीटी फाइल आणि सोबत पीडीएफ असं दोन्ही पेपरच्या जाहिरात एजंटला मेल केलं. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत मजकूर फायनल करायचा होता. थोड्या वेळात फोन, "भाऊ, तुमची फाइल उघडूनच नाही राहिली, वर्डमध्ये द्या ना जी." वर्डमध्ये दिली, तर म्हणे ही नवी वर्ड आहे, आमच्याकडं जुनी आहे. (२००७ पासून वर्डची फाइल बदलली, शेवटी एक एक्स लागतो, तो एक्स त्याच्या मशीनला पचत नव्हता.) जुन्या प्रकारात सेव्ह करून पाठवली. ती उघडली, पण त्याचं विंडोज एक्सपी, आणि 'ॲडव्हान्स'मधल्या ॲ च्या जागी चौकोन. आता हा ॲ युनिकोडमध्ये आलाच २००८ मध्ये, एक्सपी त्याच्या कितीतरी आधीचं, त्याच्या मंगल फॉन्टला तरी काय माहीत असणार. म्हटलं ठीक आहे, 'आगाऊ रक्कम' लिहा.

मले वाटलं झालं. पण खरी गंमत पुढंच होती. त्यांच्या पेपरचं पान लागते पेजमेकर नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि पेजमेकरला मराठी युनिकोड समजतच नाही. तिथं जुने फॉन्ट चालतात, म्हणजे आत साठवलेलं असते इंग्रजी कीबोर्डचं अक्षर आणि फॉन्ट त्यावर फक्त मराठी चित्र काढून दाखवते. म्हणून आपला मजकूर आधी कन्व्हर्टरमधून, म्हणजे युनिकोडचं त्या जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममधून, काढावा लागते, आणि कन्व्हर्टर बहुतेक हिंदीचा हिशोब धरून बनवलेला. 'व्यापाऱ्यांनी'चं 'व्यापार्यांनी' होऊन बसते.

प्रूफ, म्हणजे छापायच्या आधीचा नमुना, मेलवर आलं. आलं म्हणजे काय, विनमेल डॉट डॅट नावाची एक फाइल आली, ती कशानंच उघडेना.

हे आउटलुक नावाच्या मेलच्या प्रोग्रामचं काम. पाठवणाऱ्यानं मेल रिच टेक्स्टमध्ये पाठवला का आउटलुक सगळ्या अटॅचमेंट आपल्याच एका गाठोड्यात बांधते, आणि ते गाठोडं सहसा दुसऱ्या आउटलुकलाच सोडता येते. आमच्याकडं मेलसाठी थंडरबर्ड. लिनक्समध्ये ते सोडायची टीएनईएफ नावाची छोटी आज्ञावली मिळते, पण उतरवायला नेट पाहिजे आणि नेट गावाबाहेर टेकाडावर. गेलो मोबाइल घेऊन, हॉटस्पॉट लावला, उतरवली, तेव्हा कुठं प्रूफ डोळ्यांनी दिसलं.

वरवर पाहिलं तर छान दिसत होतं. मी तर फक्त जोडाक्षरं शोधत होतो. ग्रामसभेच्या अध्यक्ष बाई बाजूला बसल्या होत्या, त्यांना कॉम्प्युटरशी काही घेणंदेणं नाही, पण बोट ठेवून एक एक ओळ वाचायची सवय. एका ठिकाणी बोट थांबलं. "काहून जी, आपल्या गावाचा येवढा तेंदू कधीपासून निघाला?"

मी पाहिलं तर तो आकडा आमचा नव्हताच, खालच्या गावाचा होता. त्या गावासमोर त्याच्या खालच्याचा. तिथून शेवटपर्यंत सगळे आकडे एक ओळ वर, आणि शेवटच्या गावासमोर रिकामं. यादीत आमच्या वर जे गाव आहे ना, त्यांनी यंदा तोडाईच करायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून त्यांची चौकट मूळ तक्त्यातच कोरी. कन्व्हर्टरला तक्ता कळत नाही, त्याला नुसता मजकूर लागते, म्हणून नावांचा रकाना वेगळा गेला आणि आकड्यांचा वेगळा, अन् कोरी जागा मधल्या मध्ये गळाली. एकूण बेरीज मात्र बरोबर! म्हणून तिकडं कोणाला शंका आलीच नाही.

मी टेकाडावरूनच फोन लावला. ऑपरेटर पोरगं चांगलं होतं, चिडलं नाही, फक्त म्हणाला पान सुटायची वेळ झाली. म्हटलं तू कन्व्हर्टर सोड, सकाळचा पीडीएफ उघड, त्यात फॉन्ट आतच बांधलेला असते, तुझ्या एक्सपीवरही जसाच्या तसा दिसेल. त्याच्याकडं रीडर होता, उघडला. मग तो पाहून पाहून आकडे हातानं टाकत गेला, मी इकडून एक एक गाव आणि गोण्या वाचत गेलो, बाई माझ्या शीटवर बोट सरकवत होत्या. कोऱ्या जागी 'निरंक' टाकायला लावलं. मधात दोनदा रेंज गेली.

आता मी तक्त्यात जागा कोरी ठेवतच नाही, आणि दुरुस्त प्रूफ त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठवलं ते बरं केलं, फोटोत आकडे पुसट होतात. सकाळी पेपर कुरखेड्याहून बसनं आला तेव्हा बाईंनी आधी तक्ताच काढला, वाचून झाल्यावर म्हणाल्या, "व्यापाऱ्याचं नाव बिघडलंच हाय, पण चालते."