मेळघाटात जाताय? मग आधी हे वाचा

ऑगस्टमध्ये एका डॉक्टर मित्राच्या आरोग्य शिबिरासोबत मेळघाटात जाऊन आलो. चिखलदरा पॉइंट, कॉफी, व्याघ्र प्रकल्प यावर भरपूर लिहिलेलं सापडेल, मी लिहितोय ते धारणी तालुक्यातल्या गावांबद्दल, कारण हल्ली बरेच ग्रुप "कुपोषण बघायला" म्हणून तिकडे जातात आणि त्यातले निम्मे नुसती गर्दी करून येतात असं माझं स्पष्ट मत झालंय.

रस्ता अमरावती-परतवाडा-सेमाडोह-हरिसाल-धारणी. रेल्वेने येणाऱ्यांनी बडनेऱ्याला उतरायचं. पेट्रोल आणि कॅश परतवाड्यातच घ्या. पुढे घाट आणि जंगल, रेंज येते-जाते, धारणीपर्यंत तीन तास तरी धरा, पावसात जास्तच. जाताना हे अंतर घड्याळ लावून बघा. धारणीहून अमरावतीचं मोठं हॉस्पिटल दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे अडलेल्या बाईला किंवा धाप लागलेल्या बाळाला याच वळणांवरून न्यायचं. 1993 साली इथले बालमृत्यू गाजले, तेव्हापासून मंत्री येतात, कोर्टात याचिका होतात, योजना येतात. घाट तोच आहे.

एका अंगणवाडीत दंडघेर मोजणं बघितलं. दीड-दोन वर्षांचं पोरगं, आईच्या कडेवर झोपाळलेलं. ताईंनी दंडाला पट्टी गुंडाळली, ती लाल भागात थांबली, 11.5 सेंटिमीटरच्या खाली. म्हणजे तीव्र कुपोषित. ताई आईशी कोरकूत, म्हणजे इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत बोलत होत्या, मला ओ की ठो कळत नव्हतं, पण आई मान हलवून नाही म्हणतेय एवढं दिसत होतं. प्रश्न पोषण पुनर्वसन केंद्रात भरती व्हायचा होता. तिथे आईला दोन आठवडे मुलाजवळ राहावं लागतं. बुडीत मजुरी मिळते, पण घरी अजून दोन पोरं, नवरा बाहेरगावी कामाला, आणि निंदणीचे दिवस. "जंगलातले लोक, अडाणी, ऐकतच नाहीत" हे आपल्याकडचं लाडकं वाक्य तिथे उभं राहून म्हणून दाखवा.

होळी हा कोरकूंचा सर्वात मोठा सण, कुठेही असले तरी गावी येतात, आणि होळी झाली की पुन्हा कुटुंबंच्या कुटुंबं कामाला बाहेर पडतात. मूल सोबत गेलं की अंगणवाडीतली अंडी बंद, वजन बंद, लस राहिली तर राहिली. पावसाच्या तोंडावर परततात ते आधीच खंगलेलं पोर घेऊन, आणि नेमका तेव्हाच न्यूमोनिया-जुलाबाचा सीझन, घरातलं धान्य तळाला. त्यामुळे बिस्किटाचे पुडे वाटून यातलं काहीही हलत नाही.

पोट फुगलं की बाळाच्या पोटावर तापलेल्या सळईचे चटके देतात, त्याला डम्मा म्हणतात. ते व्रण बघून आमच्यातला एकजण भुमकावर, म्हणजे गावच्या वैदूवर, जाम भडकला. पण रात्री दोन वाजता घराजवळ तोच असतो, आणि भुमकांना भत्ता देऊन पेशंट दवाखान्यात आणायला लावण्याचा प्रयोगही झालाय. भांडण्यापेक्षा ते बरं.

जायचंच असेल तर तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना आधी फोन करून जा. बैरागडला कोल्हे डॉक्टर दांपत्य, उतावलीला 'महान ट्रस्ट' ही आरोग्याचं काम करणारी संस्था. काय हवंय ते त्यांनाच विचारा, तुमच्या मनाने जुने कपडे आणि उरलेली औषधं भरून नेऊ नका. डॉक्टर, नर्स असाल तर पावसाळ्यातच वेळ काढा, बाकीच्यांनी हिवाळा बघा, कारण पावसात तुमच्या गाड्या चिखलात रुतल्या की गावातली माणसं कामधंदा सोडून ढकलत बसतात. पोरांचे फोटो काढू नका, निदान उघड्या पोटाचे तरी नाहीच. कोरकू आणि मराठी दोन्ही येणारं माणूस सोबत हवंच, हिंदीवर थोडंफार निभतं पण बायका मोकळ्या बोलत नाहीत. मच्छरदाणी आणि ओडोमास न्या. राहायची सोय धारणीत बघा, आणि घाटातून परतायचं असेल तर दुपारीच निघा.