फिट्सची वही आणि रागाचा रकाना

चार महिने फिट आली नव्हती, म्हणून सगळ्यांना वाटत होतं मस्त चाललंय, आणि घरात मात्र रोज महाभारत.

लेक आठ वर्षांचा, त्याला एपिलेप्सी आहे, म्हणजे फिट्सचा आजार. एकदा बुटाची लेस बांधता येईना म्हणून बूट भिंतीवर भिरकावला, धाकटी हसली तर तिला ढकलून दिलं, आणि दहा मिनिटांनी माझ्या मांडीत तोंड खुपसून हुंदके देत म्हणतो, आई मला नव्हतं गं तसं करायचं. नातेवाईक म्हणाले लाडावलाय. मीही एकदा हात उचललाय, लपवत नाही.

आमची फिट्सची एक वही आहे, तारीख, वेळ, किती मिनिटं, बस. डॉक्टर विचारणार फिट आली का, मी म्हणणार नाही, संपली व्हिजिट. मूडचं ना त्यांनी विचारलं ना मी सांगितलं, मला वाटायचं ते आपल्या संस्कारांचं खातं!! मग एकदा मागची पानं चाळताना दिसलं की हे सगळं फिट्सचं नवीन औषध सुरू झाल्यावर वाढलंय, लेव्हेटिरॅसिटाम. त्या दिवशी रागाचा वेगळा रकाना आखला आणि महिनाभराने वही डॉक्टरांपुढे ठेवली. ते म्हणाले हो, काही मुलं या औषधाने फार चिडचिडी होतात, आणि हळूहळू दुसरं सुरू केलं. हळूहळू हं, एका रात्री मलाही गोळी टाळायचा मोह झाला होता, पण औषध एकदम बंद केलं तर मोठी, न थांबणारी फिट येऊ शकते.

पण सगळं खापर गोळीवरही नाही फोडता येत. पहिली फिट यायच्या आधीही शाळेतून चंचल आहे, लक्ष नसतं अशा चिठ्ठ्या यायच्याच, आणि असं बऱ्याच मुलांत दिसतं म्हणे, कारण फिट आणि वागणं दोन्हीचं मूळ मेंदूतच. १९७० मध्ये मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या मुलांचा अभ्यास छापला, त्यात एकूण मुलांमध्ये मानसिक त्रास ६.६ टक्के, मेंदूशी संबंध नसलेले जुनाट आजार असलेल्यांत ११.६, आणि मेंदूत दुसरा काही बिघाड नसलेल्या साध्या एपिलेप्सीत २८.६. हा आकडा वाचून मी चक्क रडले, सुटल्यासारखं वाटून.

आता भडका कमी झालाय, गेला नाहीये. काल वही त्यानेच ओढून घेतली आणि रकान्यात लिहिलं, राग थोडासा, पण सुरुवात धाकटीने केली.