पांढरीची माती

रविवार, रात्री साडेनऊ

पायाची धूळ अजून नीट गेलेली नाही, पण आधी लिहून काढते. उद्या ऑफिस सुरू झालं की आजचं सगळं फिकट होईल.

सकाळी धाराशिवहून तेरला गेले. वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना हुरड्यात आलेली ज्वारी. तेरणेच्या काठचं हे गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक माणसाने समुद्रव्यापाराचं जे टिपण लिहून ठेवलंय, त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचं म्हटलंय. इथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून थेट भडोचच्या बंदराला जायचं. पुढे कोकणातले नि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. तरी हे तगर नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचा बराच काळ वाद होता. कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर. ते तेरच, हे फ्लीट या इंग्रज अभ्यासकाने १९०१ मध्ये मांडलं.

इथल्या संग्रहालयाला रामलिंगप्पा लामतुरे यांचं नाव आहे. हे गावातलेच व्यापारी. गावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, सापडणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या आणि हे सगळं त्यातूनच उभं राहिलं. मला याचं फार अप्रूप वाटतं. उत्खननाची पथकं येतात, खणतात, अहवाल लिहितात, ते हवंच. पण पावसाने उघडा पडलेला एक मणी रोजच्या धांदलीत खाली वाकून उचलायला गावातच राहणारा माणूस लागतो.

आत शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आहेत, मणी आहेत, मातीचे दिवे आहेत. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी द्वारचौकटही इथेच ठेवलीय. इतकं जुनं लाकूड आपल्या हवेत टिकलं, यावर विश्वास बसत नाही. तिच्यासमोर मी बराच वेळ होते. हस्तिदंताची ती छोटी बाईही पाहिली, दागिन्यांनी मढलेली. तिच्यासारखीच एक १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईला सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत पॉम्पेई गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीच समुद्र ओलांडून तिकडे पोचली होती. ती नेपल्सच्या संग्रहालयात, ही तेरमध्ये.

पण माझा पाय अडला तो पांढऱ्या मातीच्या बाहुल्यांपाशी. त्या दोन साच्यांत करत. पुढची बाजू एका साच्यात दाबायची, मागची दुसऱ्यात, मग दोन्ही जोडून भाजायचं. आतून पोकळ, म्हणून हलक्या. एकीचा मागचा भाग फुटून गेलाय, त्यामुळे आतली बाजू दिसते. बाहेर केसांची गुंफण, कानातले, गळ्यातले, सगळं सुबक, आणि आत नुसते ओबडधोबड खळगे. माती साच्यात बोटाने दाबत गेलं की पडतात तसे. मी काचेला नाक लावून पाहत होते. तिथले काका जवळ आले नि म्हणाले, “ताई, हिकडून बघा, उजेड बरा पडतोय.” खरंच, त्या बाजूने एकेक खळगा वेगळा दिसला. एक जरा रुंद होता, अंगठ्याचा असावा. मी नकळत माझा अंगठा काचेवर टेकवला.

बाहेर आल्यावर त्रिविक्रमाचं देऊळ. विटांचं, मागून गोलाकार, छप्पर गाडीच्या टपासारखं. बांधणी बौद्ध चैत्याची आहे, आणि आत पाऊल उचललेला त्रिविक्रम, म्हणजे वामनावतारातला विष्णू. ही घडण लेण्यांत खूप पाहिलीय, पण विटांनी बांधलेली आणि अजून उभी अशी फारच थोडी उरलीत. पुढे गोरोबाकाकांच्या समाधीला गेले. थापटणं घेऊन संतांची डोकी तपासणारा कुंभार याच गावचा असावा, हे आज जास्तच पटलं. त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून इथे माती मळली जात होती.

मागे एका तालुक्याच्या गावी असंच एक लहान संग्रहालय बघायला गेले होते, तर कुलूप. किल्ली कुणाकडे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. खिडकीतून वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड, दिसत होते, भिंतीला तोंड करून ठेवलेले. तासभर थांबून परतले. आज दार उघडं होतं आणि उजेड कुठून बरा पडतो हे सांगणारं माणूस होतं. एवढ्यानेच माझा अख्खा दिवस भरून गेला.

येताना बसमध्ये आजीचं घर आठवत होतं. माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं. पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर टाकायला गावच्या पांढरीची माती यायची, गाडीच्या गाडी. ती पसरताना खापराचे तुकडे निघत, काळे, तांबडे, एखादा चकाकणारा. आम्ही पोरी त्यातला सपाट तुकडा निवडायचो आणि ठिकरी खेळायचो. खेळ संपला की तुकडा गटारात. एकदा एक लहानसा निळा मणी मिळाला होता. तो मी फ्रॉकच्या खिशात ठेवला, आणि पुढे तो कुठे गेला हे कितीही आठवलं तरी आठवत नाही. आज त्या काचेच्या पेट्यांपुढे त्याची इतकी हळहळ वाटली की डोळे भरून आले.

घरी पोचल्यावर आईला फोन केला. विचारलं, गावची पांढर अजून आहे का गं? ती म्हणाली, “अर्धी तर ट्रॅक्टरने नेली लोकांनी, भरावाला. ओढ्याकडची बाजू आहे अजून.” मग जरा थांबून तीच म्हणाली, “येत्या रविवारी ये. मी पण येते तुझ्यासोबत.”