बारा तारांचा ताण

बारा तारांची गिटार ही मुळातच स्वतःला मोडू पाहणारी रचना आहे. साध्या गिटारीच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा एकत्रित ताण सत्तर-पंच्याहत्तर किलोंच्या घरात जातो. तारा बारा झाल्या की तो शंभर किलोंच्या पुढे जातो, आणि हा सगळा ओढा पेलायचा असतो धडाच्या वरच्या, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या स्प्रूसच्या (एका सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या) फळीने. फळी जाड केली तर आवाज दबतो आणि पातळ ठेवली तर ती फुगते. या पेचातून कोणत्याच कारखान्याची पुरती सुटका झालेली नाही. त्यामुळे कोणी पन्नास वर्षांची बारा तारांची गिटार कौतुकाने दाखवू लागले, की माझी नजर हल्ली आधी तिच्या ब्रिजमागच्या, म्हणजे फळीवर जिथे तारा अडकवतात त्या लाकडी पट्टीमागच्या, फुगवट्याकडे वळते.

ही नजर मला नानांच्या दुकानात मिळाली. धुळ्यात जुन्या, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत ते दुकान आहे. नानांच्या वडिलांकडे भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्तीला यायच्या, त्या अजूनही येतात आणि डाव्या भिंतीशी रचलेल्या असतात; उजवीकडे मान निसटलेल्या, पोट उकललेल्या गिटारी टांगलेल्या असतात. नानांनी तरुणपणी काही वर्षे मुंबईत एका गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या हाताखाली काढली आणि मग ते गावी परतले. सुतारकाम त्यांच्या घरातलेच होते, त्यामुळे मुंबईत जे शिकायचे होते ते लाकडापेक्षा तारांविषयीचे होते, असे ते सांगतात.

तेथे दुरुस्तीला नेलेली बारा तारांची गिटार माझ्या मामांची. मामा भुसावळला रेल्वेत फिटर होते. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत एके काळी अँग्लो-इंडियन कुटुंबे बरीच होती. पुढे त्यांतली कित्येक इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघून गेली. अशाच निघालेल्या एका इंजिन ड्रायव्हरकडून मामांनी ही गिटार विकत घेतली. आतले लेबल इतके झिजले आहे की त्यावरून काहीच ठरवता येत नाही. मामांच्या पश्चात ती आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या तारा मानेपासून इतक्या उंच गेल्या होत्या की पाचव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) पुढे बोट दाबणे ही शिक्षाच होती. नवी गिटार घ्या, असा सल्ला सगळ्यांनी दिला. हा सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही बारा तारांची गिटार जवळून ऐकलेली नव्हती, हे मला नमूद केले पाहिजे.

कारण तिचा आवाज हा दुप्पट तारांचा दुप्पट आवाज नसतो. बारा तारा सहा जोड्यांत असतात. खालच्या सुरांच्या चार जोड्यांत एक जाड तार आणि तिच्याच सुराची पण एक सप्तक वरची बारीक तार असते. वरच्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुराच्या असतात. तानपुऱ्याची जोड लावताना दोन षड्ज अगदी मिळत आले की आवाजात एक संथ डोल ऐकू येतो, तोच डोल येथे असतो. एक तार सेकंदाला ४४० वेळा कंप पावत असेल आणि दुसरी ४४१ वेळा, तर दर सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. मानवी हाताने लावलेल्या दोन तारा शंभर टक्के एकरूप कधीच होत नाहीत, आणि बारा तारांच्या गिटारीचे सगळे सौंदर्य त्या उरलेल्या किंचित फरकात आहे. लेड बेली हा अमेरिकन गायक अशीच गिटार नेहमीच्या पट्टीपेक्षा बरीच खाली उतरवून वाजवत असे, आणि त्याचे जुने ध्वनिमुद्रण ऐकले तर पियानो आणि गिटार एकदम वाजत असल्याचा भास होतो.

नानांनी मात्र ती वाजवून पाहिली नाही. त्यांनी पोलादी पट्टी फ्रेटांवर आडवी ठेवली आणि तिचे दुसरे टोक ब्रिजपर्यंत सरकवले. मानेचा कोन शाबूत असेल, तर हे टोक ब्रिजच्या माथ्यावर अलगद येते. येथे ते ब्रिजच्या पोटाला धडकले. मग दंतवैद्याचा असतो तसा छोटा आरसा आणि दिवा आत घालून त्यांनी फळीच्या आतल्या आधाराच्या पट्ट्या पाहिल्या, ठिकठिकाणी बोटाने टिचक्या मारल्या, आणि जेथे टिचकीचा आवाज खुळखुळा आला तेथे पेन्सिलीने कागदी चिकटपट्टीवर खुणा केल्या. खर्चाविषयी काही बोलण्याआधी त्यांनी विचारले, “ठेवायचे कुठे हिला?”

“कपाटावर. वर पत्रा आहे.”

“आणि कूलर त्याच खोलीत?”

कूलर त्याच खोलीत होता. नाना हसले आणि मराठीतून सरळ अहिराणीत शिरले, “लाकूडले बी ऊन लागस, ताई.”

खान्देशातल्या मे महिन्याचे लाकडाला काय होते, हे त्यांनी मग सविस्तर सांगितले. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, दुपारची हवा लाकडातला ओलावा शोषून घेते आणि फळी आकसते. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, आडवे आकसते; म्हणून भेग नेहमी रेषांच्या बाजूने उभी जाते. संध्याकाळी कूलर सुरू झाला की गवताच्या जाळीतून येणारी ओली हवा रात्रभर तिच्यावर, आणि सकाळी पुन्हा पत्र्याची धग. पुढे पावसाळ्यात ती जी फुगते ते वेगळेच. मामांच्या गिटारीवर ब्रिजपासून खालच्या कडेपर्यंत गेलेली भेग या रोजच्या ये-जा करणाऱ्या ओलाव्याने पडली होती. मला आजवर वाटत होते की ती कुठेतरी आपटली असावी.

नानांचा खरा राग मात्र हवेवर नव्हता. ब्रिज सुटू लागल्यावर पूर्वी कोणीतरी त्यातून आरपार चार नटबोल्ट घातले होते आणि खाली एपॉक्सी हा कृत्रिम, घट्ट धरणारा गोंद ओतला होता. बोल्टांनी ब्रिज धरून ठेवला, पण ओढा जिथल्या तिथेच राहिला, आणि ब्रिज निघेना म्हणून फळीच त्याच्यासोबत वर उचलली गेली. जुने कारागीर गिटारीचे सांधे सरसाने जोडत. सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो, पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून साठ अंशांच्या आसपास पातळ करून लावतात, आणि पुन्हा उष्णता व वाफ मिळाली की तो सुटतो. एपॉक्सीही तापवला की मऊ होतो, पण लाकडाच्या रंध्रांत शिरलेला त्याचा अंश तेथेच राहतो आणि त्यावर नवा सरस धरत नाही. त्यामुळे नानांचे पहिले बरेचसे काम हे आधीच्या दुरुस्तीची दुरुस्ती करण्याचे होते. गरम केलेली पातळ सुरी कडेने आत सरकवत, फळीचे तंतू न उपटता ते ब्रिज सोडवत होते, आणि हे करताना त्यांच्याशी बोललेले त्यांना चालत नव्हते.

मान काढण्याचा दिवस पाहायला मी मुद्दाम गेले. गिटारीची मान धडात शिरताना आत रुंद होत जाणाऱ्या खाचेत बसवलेली असते. सुतार त्याला डव्हटेल म्हणतात, आणि ती नुसती ओढून निघत नाही. नानांनी पंधरावा फ्रेट उपटला, त्याच्या चिरेत बारीक भोके पाडली, आणि मग बाकाखालून प्रेशर कुकर काढला. शिट्टीच्या जागी रबरी नळी आणि नळीच्या टोकाला फुटबॉलमध्ये हवा भरण्याची सुई. ती सुई भोकात गेली, वाफ आत शिरली, आणि सगळ्या दुकानात ओल्या चामड्यासारखा जड वास पसरला. माझा हात नाकाकडे गेला, नाना मात्र खूश झाले. हा सरसाचा वास होता, म्हणजे या सांध्याला तरी आधीच्या माणसाने हात लावलेला नव्हता. थोड्या वेळाने टाचेखालून, म्हणजे मान धडाला मिळते तिथल्या जाड भागाखालून, अंगठ्यांनी दाब देताच मान कुरकुरली आणि वर सरकून बाहेर आली.

त्यानंतर तासायचे लाकूड इतकेसे होते की माझी थोडी निराशाच झाली. टाचेच्या टोकाशी दीड मिलिमीटर आणि फ्रेट बसवलेल्या फिंगरबोर्डाकडे जाताना ते कमी होत शून्य. पण हा दीड मिलिमीटर दोन्ही बाजूंना सारखा जावा लागतो, नाहीतर मान वाकडी बसते. नाना पॉलिश पेपरची पट्टी टाच आणि धड यांच्यामध्ये घालून ओढत, मान बसवून पोलादी पट्टी लावून पाहत, पुन्हा काढत. एवढ्या चिकाटीने मी काही वाचलेही नसेन.

भेगेला त्यांनी लगेच हात लावला नाही. दुकानात एक बंद कपाट आहे. त्यात आर्द्रता दाखवणारे घड्याळ असून उन्हाळ्यात पाण्याची वाटी आणि पावसाळ्यात जुना पिवळा बल्ब लावून ते काटा पन्नासच्या आसपास ठेवतात. गिटार तेथे निवांत पडून राहिली, भेग आपोआप बरीचशी मिटली, आणि मगच तिच्यात सरस भरून आतून स्प्रूसचे चौकोनी तुकडे रेषा आडव्या ठेवून चिकटवले गेले. नवा ब्रिज कोरला तो एका मोडक्या शिसवी पलंगाच्या पायातून. जगभरचे गिटार बनवणारे ज्या भारतीय रोझवूडसाठी पैसे मोजतात ते हेच शिसव, आणि आपल्याकडे त्याच्या पलंगांचे पाय माळ्यावर धूळ खात असतात. बोल्टांची भोके नानांनी लाकडी खुंट्यांनी बुजवली. ब्रिजबाहेर डोकावणाऱ्या एका भोकावर रंग द्या, असे मी सुचवले, ते त्यांनी मान्य केले नाही. पुढे ज्याच्या हाती गिटार जाईल त्याला येथे काय झाले होते ते दिसले पाहिजे, एवढेच म्हणाले.

हाडाच्या नटमधल्या (मानेच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीतल्या) बारा खाचा कापताना पाहणे हा वेगळाच आनंद होता. जोडीतल्या दोन तारा इतक्या जवळ हव्यात की एका बोटाखाली दोन्ही याव्यात, आणि इतक्या लांब हव्यात की थरथरताना एकमेकींना लागू नयेत. जाड तारेची खाच खोल, बारकीची उथळ. तिसऱ्या जोडीतली बारीक तार सर्वांत नाजूक. तिची जाडी जेमतेम ०.२ मिलिमीटर आणि सूर मात्र पहिल्या तारेहूनही उंच, ३९२ हर्ट्झ. तुटते तीच. तारांचा बाराचा संच गावातल्या दुकानांत मिळत नाही, तो पुण्याहून मागवावा लागतो, म्हणून नानांनी ही एक तार जास्तीची मागवायला सांगितले.

गिटार हाती देताना त्यांनी एकच अट घातली: ती नेहमीच्या पट्टीपेक्षा एक पूर्ण सूर खाली लावायची. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे सूर एवढा उतरवला की फळीवरचा ओढा सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो. कॉलेजात वाजवणाऱ्या माझ्या भाच्याला ही अट पसंत पडली नाही, कारण त्याच्या मित्रांच्या गिटारी मूळ पट्टीत असतात. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लाव, सूर जुळेल, हा नानांचा उपाय त्याने नाइलाजाने स्वीकारला. अडचण इतकीच आहे की साधा कॅपो जाड तारेवर टेकतो आणि तिच्या शेजारची बारीक तार सैल राहून झणझणते. बारा तारांवर सारखा दाब देणारा जाड रबराचा कॅपो आम्ही सध्या शोधत आहोत, आणि तोवर भाचा मित्रांनाच खाली उतरायला सांगत आहे.