हिरियूरचे ग्रेवॅक : नमुना नेमका कुठून घ्यावा

जानेवारीत आम्ही चौघे कर्नाटकातील चित्रदुर्ग शिस्ट पट्ट्यात, म्हणजे उष्णता आणि दाबाने बदललेल्या प्राचीन खडकांच्या लांबट पट्ट्यात, पाच दिवस हिंडलो. उत्तरेला गदगपासून दक्षिणेला श्रीरंगपट्टणापर्यंत गेलेल्या या पट्ट्यात हिरियूरच्या आसपास जे ग्रेवॅक (चिखलमिश्रित वाळूचा कठीण खडक) आणि फिलाइट (चिखलापासून बनलेला, पापुद्र्यांचा बारीक खडक) दिसतात, ते मुळात समुद्रतळावर साचलेले गाळ असून त्यांचे वय २५० कोटी वर्षांहून अधिक आहे. हा गाळ कोणत्या खडकांच्या झिजेतून आला, हे त्यातील विरल मृदा मूलद्रव्यांवरून ताडून पाहावे, असा आमचा हेतू होता. प्रयोगशाळेतील आकडे हाती आल्यावरच हा वृत्तांत लिहायला घेतला आहे, कारण कोणते नमुने उपयोगी पडले आणि कोणते वाया गेले, हे तोवर कळले नव्हते.

लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची ही मूलद्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, त्यामुळे ती मूळ खडकापासून समुद्रापर्यंत बहुतांशी गाळाच्या कणांतूनच येतात आणि सौम्य रूपांतरणातही, म्हणजे उष्णता आणि दाबाने खडक बदलतानाही, सहसा जागा सोडत नाहीत. युरोपियमचे वागणे मात्र वेगळे आहे. ते द्विसंयुजी होऊन प्लॅजिओक्लेज फेल्स्पार या खनिजात कॅल्शियमची जागा घेऊ शकते. पृथ्वीच्या कवचाच्या खालच्या भागात प्लॅजिओक्लेज मागे ठेवून ग्रॅनाइटी रस वर चढला, की वरच्या कवचात युरोपियमची तूट राहते आणि तीच तूट पुढे शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकात, उतरते. तुलनेसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या ऑस्ट्रेलियन शेलच्या सरासरीत शेजारच्या समेरियम आणि गॅडोलिनियमच्या मानाने युरोपियमचे गुणोत्तर सुमारे ०.६५ आहे (१ म्हणजे तूट नाही); आर्कियन, म्हणजे २५० कोटी वर्षांहून जुन्या, काळातील अनेक गाळखडकांत ते १ च्या बरेच जवळ असते. आमचा सगळा प्रश्न या एका गुणोत्तरावर उभा होता, आणि नमुना चुकीच्या जागी घेतला तर तेच सर्वांत आधी संशयास्पद ठरते.

पहिले दोन दिवस आम्ही रस्त्यासाठी कापलेल्या कडांवर घालवले. तिथे पोहोचणे सोपे आणि थर लांबवर सलग दिसतात, म्हणून मोह होतो. पण त्या दोन दिवसांतले जवळजवळ सर्व नमुने बाद करावे लागले. विदारणात, म्हणजे हवा-पाण्याने खडक कुजताना, सिरियम या विरल मृदा मूलद्रव्याचे ऑक्सिडीकरण होते, ते चतुःसंयुजी होऊन जागच्या जागी अडकून राहते, आणि त्याचे शेजारी मात्र झिरपत्या पाण्याबरोबर खाली सरकतात. आमच्या आलेखांत सिरियमपाशी जे उंचवटे दिसले, त्यांचा २५० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राशी काहीही संबंध नव्हता. तो अलीकडच्या पावसाळ्यांचा परिणाम होता. म्हणून पुढे जाणाऱ्यांनी आधी हातोड्याचा आवाज ऐकावा. ताजा ग्रेवॅक खणखणतो, त्याची कपची धारदार निघते आणि आतला रंग हिरवट करडा असतो. भिंगाखाली फेल्स्पारचे पृष्ठ चमकले पाहिजेत. ते पिठासारखे पांढुरके दिसले, तर तो दगड तिथेच सोडावा.

तिसऱ्या दिवशी वेदवतीला मिळणाऱ्या एका कोरड्या ओढ्यात जे सापडले, त्यासाठी पुन्हा तेवढी पायपीट करायला मी तयार आहे. पाण्याने घासून स्वच्छ केलेल्या खडकात वीतभर जाडीचा एकच थर होता. तळाला मोहरीएवढे क्वार्ट्झ आणि फेल्स्पारचे कण, वर सरकावे तसतसे ते बारीक होत गेलेले, आणि शेवटच्या दोन बोटांत पाटीसारखा गुळगुळीत, जवळजवळ काळा फिलाइट. गढूळ पाण्याचा एकच लोट समुद्राच्या उतारावरून खाली आला आणि निवला, त्याची ही नोंद. आम्ही तळ आणि माथा वेगवेगळ्या पिशव्यांत भरला. असे करणे आवश्यक आहे, कारण झिर्कॉन हे जड खनिज तळाशी गोळा होते आणि त्यात जड विरल मृदा मूलद्रव्ये ठासून भरलेली असतात. केवळ भरड भाग तपासला, तर मूळ खडकाऐवजी पाण्याने केलेली निवड मोजली जाते. झिर्कॉनमधील झिर्कोनियमबरोबर यटर्बियम हे जड विरल मृदा मूलद्रव्यही वाढत असेल, तर ही शंका पक्की समजावी. तुलना बारीक भागाची बारीक भागाशीच करावी.

क्वार्ट्झ आणि कार्बोनेटच्या शिरा दिसल्या, की त्यांच्यापासून दूर सरकावे. कार्बोनेटयुक्त द्रव ही मूलद्रव्ये हलवू शकतात, आणि कातर पट्ट्यांत, म्हणजे खडक सरकून चिरडले गेलेल्या भागांत, असे द्रव भरपूर फिरलेले असतात. ग्रेवॅकचा नमुना दोन ते तीन किलो, फिलाइटचा एक किलो पुरे. चित्रदुर्ग जिल्ह्यातील मरडीहळ्ळीच्या उशीच्या आकाराच्या लाव्हापाशी जरूर थांबावे, पण ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. तिथे हातोडा पिशवीतच ठेवावा.

प्रयोगशाळेला नमुने देण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, झिर्कॉन पूर्ण विरघळवण्याची सोय काय आहे. उघड्या भांड्यातील हायड्रोफ्लोरिक आम्लाला ते दाद देत नाही. लिथियम मेटाबोरेटबरोबर वितळवणे किंवा दाबाखालील बंद भांडे वापरणे हाच उपाय, नाहीतर जड मूलद्रव्ये कमी भरतात. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. अणूंच्या वस्तुमानावरून मूलद्रव्ये मोजणाऱ्या वस्तुमान वर्णपटमापीत बेरियम १३५ आणि १३७ ऑक्सिजनशी जोडले जाऊन नेमके युरोपियम १५१ आणि १५३ च्या जागी मोजले जातात. अभ्रकाने भरलेल्या फिलाइटमध्ये बेरियम मुबलक असते, त्यामुळे ही दुरुस्ती केली नाही, तर खरी तूट झाकली जाऊन गुणोत्तर फसवेपणाने १ कडे सरकते. दुरुस्ती कशी करतात, हे लेखी मागावे, आणि प्रत्येक खेपेबरोबर प्रमाणित संदर्भ खडकाचे (ज्याचे घटक आधीच नेमके ठाऊक असतात अशा नमुन्याचे) आकडेही मागावेत.

पुढच्या खेपेस आम्ही याच पट्ट्याच्या दक्षिण भागात जाणार आहोत. तिकडे रूपांतरणाची तीव्रता वाढत जाते आणि शिस्टमध्ये गार्नेट दिसू लागते. ते जड विरल मृदा मूलद्रव्ये आपल्यात ओढून घेते, म्हणून तिथे गार्नेटच्या एखाद्या पट्टीवर छिन्नी न लावता थराला आरपार छेदत सलग आणि दुप्पट वजनाचा नमुना घ्यायचे आम्ही ठरवले आहे.