रांजणाची आतली बाजू

“मोठा रांजण उकललाय. मुलांची सहल यायच्या आत सांधून मिळेल का?” एवढ्याच निरोपावर मी त्या संग्रहालयात गेले. पारंपरिक मातीकामाचं छोटंसं संग्रहालय, दोनच खोल्यांचं. फुटलेली मातीची भांडी सांधणं, जपणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे नेहमीसारखाच एक दिवस असेल असं धरून चालले होते.

रांजण कुणाच्या हातून पडला नव्हता. फार पूर्वी तो नायट्रोसेल्युलोजच्या गोंदाने जोडलेला होता. हा गोंद काळाबरोबर पिवळा पडतो, आक्रसतो, ठिसूळ होतो आणि शेवटी धरून ठेवणं सोडतो. रात्रीतून सांधे सुटले आणि सकाळी बैठकीवर 21 तुकडे पडलेले. संग्रहालय सांभाळणारे सर फार कष्टी झाले होते. “बाहेरून काही कळायला नको, मॅडम,” एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मीही “नाही कळणार” म्हणाले.

टेबलावर जाड कापड अंथरून तुकडे मांडले. अ‍ॅसिटोनच्या वाफेने जुना गोंद मऊ करून चिमट्याने काढायला लागले. यासाठी तुकडे पालथे घालावे लागतात, आणि तिथेच माझा हात थांबला.

रांजणाखालच्या पाटीवर लिहिलेलं होतं, ‘चाकावर घडवलेला रांजण’. गळ्याच्या तुकड्यांवर ते अगदी बरोबर होतं. आतून बारीक, एकसारख्या, समांतर रेघा. फिरत्या चाकावर ओली बोटं टेकवली की उमटतात तशा. पण खांद्याच्या खाली त्या रेघा एकाएकी संपत होत्या आणि सुरू होत होते उथळ खळगे. एकाशेजारी एक, थोडेसे एकमेकांवर चढलेले. बाहेरची बाजू गुळगुळीत, आतली मात्र खळग्यांनी भरलेली.

म्हणजे चाकावर घडली होती ती फक्त मान आणि जाड भिंतीचं एक बुटकं भांडं. पुढचं सगळं ठोकून वाढवलेलं. माती अर्धवट वाळली की एक हात आत घालून गोल दगड भिंतीला टेकवायचा आणि बाहेरून नेमकं त्याच जागी लाकडी थापटण्याने मारायचं. माती फार ओली असेल तर दगडाला चिकटते, फार वाळली असेल तर तडकते. मधला जो थोडा वेळ मिळतो त्यात घेर वाढवायचा आणि भिंत पातळ करत न्यायची. मी कॅलिपर लावला. गळ्याशी जाडी 14 मिलिमीटर, पोटाशी 5. आतला हात तर दिसतही नाही! दगड कुठे टेकला आहे ते बाहेरच्या हाताला आवाजावरून आणि हाताला बसणाऱ्या दणक्यावरूनच ओळखावं लागतं. खळग्यांची ती ओळ मी किती वेळ बोटांनी चाचपत बसले कोण जाणे.

फुटलेल्या कडा त्याहून बोलक्या होत्या. बाहेरून तांबडी, आतून तांबडी आणि मधोमध काळपट पट्टी. मातीतला सेंद्रिय भाग पूर्ण जळायला पुरेसा वेळ किंवा हवा मिळाली नाही की असा काळा गाभा राहतो. त्या पट्टीत लांबट, पोकळ जागा होत्या, धान्याच्या तुसाच्या आकाराच्या. माती मळताना घातलेलं तूस आव्यात जळून गेलं आणि त्याचा साचा तेवढा उरला. वाळताना माती तडकू नये म्हणून ते घालतात.

आणि खांद्याच्या एका तुकड्यावर, आतून, अंगठ्याचा ठसा. मान आणि पोट यांचा सांधा कुणीतरी दाबून सारखा केला होता. रेषा न् रेषा स्पष्ट. सर भिंग घेऊन वाकले. “लहान आहे हो. पोराचा असेल?” मला ठामपणे सांगता येईना. वाळताना आणि भाजताना माती आक्रसते, कधी दहाव्या भागाइतकी, म्हणून ठसाही खऱ्या अंगठ्यापेक्षा लहान दिसतो. चेक प्रजासत्ताकातल्या डोल्नी वेस्टोनिस इथे 25 हजार वर्षांहून जुनी, भाजलेल्या मातीची स्त्रीमूर्ती सापडली. तिच्यावरही लहान मुलाचा ठसा आहे. रेषांमधलं अंतर मोजून तो मुलाचा असल्याचं ठरवलं गेलं. ते सांगितल्यावर सर भिंग खाली ठेवायलाच तयार नव्हते.

दुपारी मी सकाळचा शब्द फिरवला. म्हटलं, “सर, एक तुकडा न बसवता ठेवू या. खांद्याजवळचाच. मुलं आत बघू देत.” त्यांना ते पटेना. प्रदर्शनात फुटकं भांडं ठेवलं तर हलगर्जीपणा वाटेल, अशी त्यांची भीती. ती चुकीची नव्हती. लोक तसं म्हणतातही. पण अख्खा रांजण त्या खोलीत किती वर्षं उभा होता आणि आपण सगळेच त्याच्याखाली चुकीची ओळ वाचत होतो, हे मी बोलून दाखवलं. ते उठून पाटीसमोर जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “आधी ही बदलतो.”

पुढचे चार दिवस सांधण्यात गेले. वाळूच्या पेटीत तुकडा तोलून धरायचा, बुडापासून वर चढत जायचं. खाली केसभर चूक झाली तर वरचा शेवटचा तुकडा बसतच नाही. या वेळी गोंद म्हणून पॅरालॉइड बी-72 वापरलं. ते अ‍ॅसिटोनने पुन्हा सोडवता येतं. फक्त 40 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं, म्हणून रांजण खिडकीजवळून हलवून आतल्या भिंतीशी नेला. अंगठ्याच्या ठशाचा तुकडा शेजारी, आतली बाजू वर करून ठेवला, आणि रांजणाच्या मोकळ्या जागेतून खळग्यांवर तिरपा पडेल असा छोटा दिवा लावला. समोरून उजेड टाकला तर खळगे दिसतच नाहीत.

निघताना सामान आवरत होते तेवढ्यात सर दुसऱ्या खोलीतून हाका मारत आले. हातात बॅटरी आणि दात तपासायचा छोटा आरसा. “मॅडम, त्या कपाटातल्या तीन घागरींवरही ‘चाकावर’ असंच लिहिलंय. जरा आतून बघून जाता का?”

पिशवी खाली ठेवली. पहिल्या घागरीत आरसा सोडला. गळ्याशी रेघा, आणि खाली खळगे.