आमची वाटचाल : कॅसेट, सीडी रेकॉर्डर आणि फायनलाइजचं बटण

आमच्या फर्मचं काम सुरू झालं ते कॅसेटच्या कॉप्या काढून देण्यापासून. एका डेकवर मूळ कॅसेट, दुसऱ्यावर कोरी, आणि बिघडलं तर मागे घेऊन पुन्हा भरायचं. सीडी रेकॉर्डर आल्यावर ही मुभा संपली. सीडी-आरच्या (कोऱ्या, भरता येणाऱ्या सीडीच्या) रंगाच्या थरावर लेझरने एकदा उमटवलेली खूण पुसता येत नाही. त्यामुळे रेकॉर्डचं बटण दाबण्याआधीचं काम वाढलं, आणि आमच्या धंद्याची खरी शिस्त तिथूनच लागली.

कॉम्प्युटर सोडून स्वतंत्र रेकॉर्डर घेण्यामागे कारण होतं. त्या काळचा कॉम्प्युटर सीडी लिहिताना मध्येच अडखळला, डेटा वेळेत पोचला नाही, की डिस्क वाया जायची. रेकॉर्डरमध्ये आत येणारा आवाज त्याच गतीने लिहिला जातो, तासाच्या कॅसेटला तासच लागतो, पण अडखळण्याचा प्रश्न येत नाही. दुसरा फायदा ट्रॅकचा. कॉम्प्युटरवर एकेक ट्रॅक सुटा लिहिला की दोन ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची शांतता पडायची. रेकॉर्डरवर आवाज चालू असतानाच ट्रॅकचा आकडा पुढे नेता येतो. विलंबित ख्यालातून द्रुत बंदिशीत जाताना तबल्याचा ठेका तुटत नाही.

घरगुती रेकॉर्डर आणि व्यावसायिक रेकॉर्डर यांतला फरक घेण्यापूर्वीच समजून घ्यावा. घरगुती यंत्र फक्त ‘डिजिटल ऑडिओ’ असा छाप असलेल्या सीडी स्वीकारतं, कारण त्या डिस्कमध्ये तशी खूणच घातलेली असते, आणि त्या महाग पडायच्या. साधी डेटाची सीडी घातली की यंत्र ती बाहेर ढकलतं. शिवाय एकदा डिजिटल कॉपी केलेल्या सीडीवरून दुसरी डिजिटल कॉपी ते काढू देत नाही, मग ती गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या मुलीच्या गाण्याची का असेना. अशा वेळी डिजिटल वायर काढून साध्या अॅनालॉग आरसीए वायरींनी (लाल-पांढऱ्या टोकांच्या) जोडणी करायची. व्यावसायिक यंत्रांना साध्या सीडी चालतात. तीच घ्यावीत असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता कॅसेट. आधी ती शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे गुंडाळायची, म्हणजे वर्षानुवर्षं एका जागी बसलेले वेढे सुटतात. टेपच्या मागची छोटी लोकरी गादी गळून पडली असेल तर आवाज दबका येतो आणि कमी-जास्त होतो. दुसऱ्या कॅसेटचं कवच उघडून टेप त्यात घालणं हाच उपाय. हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आणि पिंच रोलर (टेप पुढे ओढणारं रबरी चाक) आयसोप्रोपाइल अल्कोहोलने प्रत्येक तीन-चार कॅसेटींनंतर पुसायचे. जुन्या टेपची तपकिरी भुकटी कापसावर दिसते, ती हेडवर राहिली की टाळांची किणकिण आधी जाते.

टाळ ऐकू येत नसतील तर दोष नेहमी टेपचाच नसतो. ज्या डेकवर ती भरली त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर आपल्या सरळ हेडवर तिचे वरचे सूर हरवतात. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेला छोटा स्क्रू असतो. दोन्ही चॅनेल एकत्र करून, म्हणजे मोनोत ऐकत, तो जरा जरा फिरवायचा. एका जागी आवाज एकदम उघडतो, टाळ आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरं स्वच्छ होतात. तीच जागा. पुढची कॅसेट घालण्याआधी प्रमाण टेप (सरळ हेडवर भरलेली, जुळणीसाठीची टेप) लावून स्क्रू पुन्हा मूळ जागी आणून ठेवायचा, नाहीतर दिवसभराचं काम बिघडतं.

वेगाचं तसंच. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालायला हवी. जुन्या पोर्टेबलवर सेल उतरलेले असताना भरलेली कॅसेट चांगल्या डेकवर वेगात वाजते आणि सूर वर चढतो. गिऱ्हाइकाला विचारायचं, बुवा कोणत्या पट्टीत गायचे? काळी एक म्हणाले आणि आपल्याला पेटीवर पांढरी दोन लागत असेल, तर वेगात सुमारे सहा टक्के फरक आहे. मोटारीच्या मागच्या भोकातून बारीक स्क्रूड्रायव्हरने तो जुळवता येतो. पाव पट्टीच्या आतला फरक मात्र तसाच ठेवतो, कारण त्या दिवशीची पेटीच तशी लावलेली असू शकते.

लेव्हलचा, म्हणजे आवाज किती जोरात भरायचा याचा भाग सगळ्यात नाजूक. टेपवर काटा शून्याच्या वर गेला तरी आवाज थोडा दबतो, फाटत नाही. डिजिटलमध्ये शून्य म्हणजे छत. त्याच्या वर काही नाही, लाटेचं टोक सपाट कापलं जातं आणि फट् असा आवाज कायमचा बसतो. भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाच्या आवाजावर लेव्हल लावली तर पखवाजाची थाप आणि वीस टाळांचा एकत्र ठोका छताला लागतो. म्हणून आधी टेप पुढे नेऊन गजराचा भाग शोधायचा, तिथे सर्वांत मोठा ठोका उणे तीन ते उणे सहा डेसिबलवर राहील अशी नॉब लावायची आणि मग सुरुवातीला यायचं. थेट कार्यक्रमात पुढे काय येणार ते कळत नाही, तिथे सरासरी उणे अठराच्या आसपास ठेवतो. मिक्सरचा आउटपुट व्यावसायिक (जास्त जोराच्या) पातळीचा आणि रेकॉर्डरचा इनपुट घरगुती पातळीचा असेल तर सुमारे १२ डेसिबलचा फरक असतो. तो मिक्सरवरच कमी करायचा. आणि दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर लावायची, नाहीतर ५० हर्ट्झची घुंई येते.

ट्रॅक पाडायचं काम यंत्रावर सोडू नये. दोन-तीन सेकंद शांतता मिळाली की ऑटो ट्रॅक नवा आकडा घेतो. कीर्तनकार अभंगाचं चरण म्हणून क्षणभर थांबले की झाला ट्रॅक, आणि तासाभराच्या निरूपणाचे चाळीस तुकडे होतात. एका सीडीवर ट्रॅक ९९ पेक्षा जास्त होत नाहीत, हेही लक्षात ठेवायचं. उलट, मागून तानपुरा चालू असेल तर शांतता मिळतच नाही आणि सगळी मैफल एकच ट्रॅक होऊन बसते. आवाज आल्यावर आपोआप रेकॉर्डिंग सुरू होण्याची सोयही बंद ठेवतो, ती तानपुऱ्याचे पहिले हळुवार स्वर खाते. आमची पद्धत अशी: कॅसेट एकदा ऐकून काउंटरचे आकडे कागदावर लिहायचे, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी त्या जागी बोटाने बटण दाबायचं. ट्रॅक किमान चार सेकंदांचा हवा, म्हणून चुकून दोनदा दाबू नये.

साठ मिनिटांची कॅसेट ७४ मिनिटांच्या सीडीवर आरामात बसते. नव्वदची ८० मिनिटांच्या सीडीवरही बसत नाही. दोन सीडी कराव्यात, एक बाजू एका सीडीवर. शेवटचं गाणं अर्धवट तोडलेली सीडी आम्ही कधी दिली नाही. नारदीय कीर्तनात ही वाटणी आपोआप होते, पूर्वरंग पहिल्या सीडीवर, मध्ये बुक्का लावून होईपर्यंत डिस्क बदलायची, उत्तररंग दुसरीवर. त्या मधल्या वेळात फायनलाइज करत बसायचं नाही, त्याला दोन ते चार मिनिटं जातात आणि तोवर बुवा झांज हातात घेतात.

फायनलाइज म्हणजे सीडीच्या आतल्या कडेला अनुक्रमणिका आणि बाहेरच्या टोकाला शेवटाची खूण लिहिणं. ते होईपर्यंत ट्रॅकची नोंद एका तात्पुरत्या जागी असते, आणि ती फक्त रेकॉर्डरला वाचता येते, साध्या प्लेअरला नाही. स्टॉप दाबल्यावर ही तात्पुरती नोंद होते. म्हणून भारनियमनाच्या काळात आम्ही कॅसेटची एक बाजू संपली की स्टॉप करायचो. दुसऱ्या बाजूला वीज गेली तरी पहिली वाचायची शक्यता राहायची. फायनलाइज चालू असताना वीज गेली तर डिस्क बहुतेक बादच. छोटा यूपीएस रेकॉर्डरपुरता ठेवला तरी हे नुकसान टळतं, डेक बंद पडला तर पडू द्यावा.

यंत्र ‘ओपीसी एरर’ दाखवू लागलं की लगेच लेझर बदलायला धावू नये. लिहिण्याआधी रेकॉर्डर सीडीच्या आतल्या कडेला लेझरची ताकद तपासून घेतो, तिथे जमलं नाही तर हा इशारा येतो. आधी दुसऱ्या कंपनीची डिस्क घालून पाहा, मग भिंग कोरड्या कापसाने हलकेच पुसा. ५२ पट वेगासाठी बनवलेल्या डिस्क एकपट वेगाच्या जुन्या रेकॉर्डरला अनेकदा मानवत नाहीत, हा आमचा वारंवारचा अनुभव. रिरायटेबल (पुसून पुन्हा भरता येणारी) सीडी सरावाला छान, पण ती प्रकाश कमी परावर्तित करते आणि जुने प्लेअर ती वाचत नाहीत, म्हणून गिऱ्हाइकाला देत नव्हतो.

सीडीवर नाव लिहायचं ते पाण्याच्या शाईच्या मार्करने. चमकता थर नावाच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. बॉलपेनचं टोक तिथेच रुततं. कागदी स्टिकर तर नकोच, पावसाळ्यात तो ओल धरतो आणि डिस्क वाकते.

आज लोक याच सीडी घेऊन येतात, फायली करून मागतात. त्यात काही ‘कोऱ्या’ निघतात. कॉम्प्युटर म्हणतो, डिस्क रिकामी आहे. अशी सीडी फेकू नका. उलटी करून खिडकीच्या उजेडात तिरकी धरा. आतल्या भोकापासून बाहेरच्या दिशेने गडद कडं दिसलं आणि त्याच्या पुढे रंग फिका असेल, तर त्या कड्याएवढा आवाज तिच्यात आहे, फक्त फायनलाइज राहिलेलं आहे. आमचे जुने रेकॉर्डर याचसाठी अजून चालू स्थितीत ठेवलेत. शक्यतो ज्या कंपनीच्या यंत्रावर ती भरली त्याच कंपनीच्या यंत्रात घालायची, पडद्यावर ट्रॅकचे आकडे उमटेपर्यंत थांबायचं, एकदा ऐकून घ्यायचं आणि मग फायनलाइज दाबायचं.